दहावर धरलेला टेप

सेक्टर ७, भिलाई
सोमवार, ११ ऑक्टोबर १९९३

चि. नलू,

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. चार वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, तू मला लिहिली नाहीस. तू आईला लिहिलेल्या पत्रात शेवटी ‘बाबांना सांग’ एवढंच असायचं, आणि काय सांग ते कधीच नसायचं. त्यामुळे सुरुवात कशी करावी हे ठरवण्यात दोन आंतर्देशीय पत्रं वाया गेली. हे तिसरं, आणि हे काही झालं तरी फाडणार नाही.

काल तू माझ्या पाया पडलीस. तिहेरी उडीची निवड चाचणी अजून संपली नव्हती, शेषराव सर कागद घेऊन उभे होते, आणि तू वाळूने भरलेल्या पायांनी आलीस आणि वाकलीस. मी काहीच बोललो नाही. घरी आल्यावर आई म्हणाली, “पोरगी पाया पडली तं डोक्यावर हात तरी ठेवाचा होता, की तो बी शिफ्टवर गेलता?” तिला काय सांगू? माझे दोन्ही हात टेपला होते.

बारा मीटर सहासष्ट! आशियाई स्पर्धेसाठी पात्रता बारा साठची, मनिलाची जागा एकच, आणि जामुलची ललिता बारा बासष्टवर बसलेली. पाच उड्यांपर्यंत तू बारा एक्केचाळीसच्या पुढे नव्हतीस. मंडपातल्या लोकांनी ललिताला मनातल्या मनात विमानात बसवूनही दिलं होतं. आणि मग तुझी शेवटची उडी. तिन्ही टप्पे असे पडले, की मी खड्ड्याच्या कडेला बसलो होतो हेच विसरलो.

आपल्या टेपची गंमत तुझ्या लक्षात आली असेल. नवा कोरा टेप ऐन शेवटच्या फेरीत पीळ पडून डबीत अडकला. सगळे एकमेकांची तोंडं पाहत राहिले. तेव्हा मी सायकलच्या पिशवीतून आपला जुना काढला. बाकी दोघींच्या शेवटच्या उड्या फाऊल गेल्या, म्हणजे त्या टेपने एक तुझीच उडी मोजली.

शेषराव सरांनी मला खड्ड्यावर बसवलं तेव्हा मी नको म्हणालो होतो. माझी मुलगी उतरते आहे, लोक काय म्हणतील? ते म्हणाले, “तेजराम, ज्या मानसानं पोटच्या पोरीले लाल झेंडा दाखोला, त्याच्यावर कोन बोट ठेवीन?” त्या झेंड्याबद्दल मी आजही तेच म्हणेन, नलू. चार वर्षांपूर्वी दुर्गच्या मैदानात लांब उडीच्या फळीपुढे तुझ्या बुटाची खूण उमटली होती. नखाएवढी का असेना, उमटली होती. तुझी राज्याच्या संघातली जागा गेली, तू नागपूरला मामाकडे निघून गेलीस, पण फळीवर बसलेला पंच कुणाचा बाप नसतो.

हे सगळं परत उकरायचं नव्हतं. लिहिता लिहिता आलं. रेल्वेच्या नोकरीतून शिबिरासाठी रजा मिळते ना? एक विचारायचं होतं, पण राहू दे.

तुझे बाबा

---

शुक्रवार, १५ ऑक्टोबर

चि. नलू,

पहिल्या पत्राचं उत्तर यायला अजून वेळ आहे हे मला कळतं. तरी लिहितो आहे. घरात बसवत नाही. काल ड्यूटीवरून आलो आणि चहा न घेताच मागच्या मैदानात गेलो. आपला खड्डा गवताने भरलाय. फळी म्हणून पुरलेला तो रेल्वेचा स्लीपर मात्र जागच्या जागी आहे. मी फावडं आणून गवत काढत बसलो. शेजारची तुळसाबाई कुंपणावरून म्हणाली, “का हो भाऊ, या वयात तुमी उड्या मारनार का?” मी तिला म्हटलं, एक मारावी लागेल असं दिसतंय. ती हसली. मला हसू आलं नाही.

तुला ते दिवस आठवतात का? नऊ वर्षांची होतीस. मुलींना तिहेरी उडी शिकवायला कुणी तयार नव्हतं, पोटाला धक्का बसतो म्हणायचे. तू उडी मारायचीस, मी वाळूत टेप धरायचो, आणि तू धावत स्लीपरपाशी जाऊन आकडा वाचायचीस. शाळेत बाईंना तुझं गणित कच्चं वाटायचं, पण वजाबाकी तू त्या टेपवर शिकलीस.

खरं खरं लिही, नागपुरात सरावात किती जातेस? बारा साठ ओलांडतेस ना? एकदा तरी ओलांडलं असशीलच. तारीख आणि आकडा लिही. कुणी मोजलं तेही लिही.

मंगळवारी आमच्या रुळांच्या मिलमध्ये एक गोष्ट झाली. ती नंतर सांगेन. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालंय. हे वाक्य खोडणार होतो, पण शाई पसरेल.

बाबा

---

शुक्रवार, २२ ऑक्टोबर

नलू,

तुझं पत्र परवा आलं. मी ते सायकलवर बसल्या बसल्या गेटसमोर वाचलं. मागून मिलमधला चिंधू आला आणि म्हणाला, “तेजरामभाऊ, रस्त्यात कावून उभे राहिले? ट्रक येऊन राहिला.” तरी माझा पाय पेडलवर जाईना.

तू लिहिलंस: ‘बाबा, तुम्ही टेप दहावर धरलेला मी पाहिला. तुम्ही ओरडला नाहीत हेही पाहिलं. मी कोणाला कधी सांगणार नाही. चार वर्षं मला वाटायचं की माझ्या बापाजवळ माझ्यासाठी नखाएवढीसुद्धा सूट नाही. आता मनिला झालं काय आणि न झालं काय, मला पाहिजे ते मिळालं.’

नलू, मी तुला काहीही दिलेलं नाही. हे आधी वाच, मग पुढचं वाच.

तुला माहीत आहे, पण तरी सगळं लिहितो, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की मी गोलमाल बोललो. त्या टेपची शून्याकडची पट्टी एक्क्याऐंशी साली रुळाखाली येऊन तुटली. म्हणून तो दहा सेंटिमीटरच्या खुणेवर धरावा लागतो, आणि समोर जो आकडा येतो त्यातून दहा वजा करावे लागतात. मिलमध्ये तर नवा टेपही आम्ही दहावरच धरतो, कारण टोकाची कडी झिजते आणि रुळाची लांबी चुकते. मी धरतो, चिंधू वाचतो आणि वजा करतो. घरी मी धरायचो आणि तू वजा करायचीस. तरी धरणाऱ्याने ‘दहा!’ असं ओरडायचं, ही रीत आहे. पण चिंधूबरोबर इतकी वर्षं काढल्यावर कोण ओरडतो? त्याचा हात आपोआप वजाबाकी करतो. चाचणीच्या रविवारी फळीकडे चिंधू नव्हता, तूही नव्हतीस. शेषराव सर होते. ते शाळेतले मास्तर. त्यांना आपली रीत काय माहीत! त्यांनी दिसला तो आकडा वाचला.

मला हे मागच्या आठवड्यात, मंगळवारी कळलं. मिलमध्ये रूळ मोजताना चिंधू म्हणाला, “तेरा दहा, वजा दहा, तेरा बराबर.” माझ्या हातातून टेप सुटला.

म्हणजे तू बारा छप्पन गेलीस. पात्रतेला चार कमी, ललितापेक्षा सहा कमी. आणि कागदावर सही माझी आहे.

ही चूक आहे, नलू, शुद्ध गाढवपणाची चूक. तू जे समजलीस ते नाही. मी तसा माणूस नाही हे तुझ्याइतकं कुणाला माहीत? मला हे निस्तरावं लागेल. निवड समितीला लिहावं लागेल. त्याआधी तुला सांगतो आहे. उलट टपाली लिही.

बाबा

---

शनिवार, ३० ऑक्टोबर

नलू,

उत्तर नाही. दसरा गेला. आई रोज पोस्टमनची वाट पाहते आणि त्याच्याशी नाही ते बोलत बसते, म्हणजे पत्र नसल्याचं त्याला सांगावं लागत नाही.

बुधवारी सुट्टी टाकून बसने जामुलला गेलो. ललिताचे वडील पंजाबराव सिमेंटच्या कारखान्यात भट्टीवर आहेत. मूळचे तुमसरकडचे. त्यांनी मला ओळखलं, घरात नेलं, खुर्ची दिली आणि स्वतः पोत्यावर बसले. “भाऊ, तुमची पोरगी लय जिगरबाज निंगाली,” ते म्हणाले. “आमची दोन दिवस जेवली नाही. मी म्हनलं, रडून का होते? चार सेंटिमीटरनं हरली, म्हनजे चार बोटं. पुढच्या साली चार बोटं वाढव.” त्यांनी मला हाताची चार बोटं दाखवली. सिमेंटने पांढरी झालेली. मी पुरा चहा प्यायलो, पोहे खाल्ले, आणि जे सांगायला गेलो होतो ते न सांगता उठलो. निघताना ललिता दारात भेटली. अंगणातच पायऱ्यांवरून एका पायाने चढ-उतर करत होती. थांबून म्हणाली, “अंकल, नलूदीदी का लास्ट जंप मैंने देखा. क्या हॉप था!” तुझ्या पहिल्या टप्प्याबद्दल म्हणत होती. 

परतीच्या बसमध्ये बाजूच्या माणसाने दोनदा विचारलं, तब्येत बरी नाही का.

आज सकाळी समितीला पत्र टाकलं. रजिस्टर केलं. सगळं लिहिलं: टेप तुटका होता, मी दहावर धरला, वाचणाऱ्याला सांगितलं नाही, उडी बारा छप्पनची समजावी. दोष माझा एकट्याचा, खेळाडूला काही माहीत नव्हतं. यातलं शेवटचं वाक्य खोटं आहे, आणि ते मी न अडखळता लिहिलं. पंचगिरीचा राजीनामाही त्याच पाकिटात घातला. शेषराव सरांच्या घरी जाऊन दोन्ही झेंडे परत केले. त्यांनी ते गुंडाळून कोपऱ्यात ठेवले. मग म्हणाले, “तुमी सांगतलं नसतं तं कोनाले कळलं असतं?” मी म्हटलं, एकीला कळलेलंच आहे.

तू चिडली असशील. तुझा हक्क आहे. एकदा लाल झेंडा दाखवून तुझी जागा घेतली, आता हातात आलेली मनिलाची जागाही मीच घेतो आहे. पण नलू, यातून दुसरी वाट मला दिसत नाही. तुला दिसत असेल तर लिही. शिव्या दिल्यास तरी लिही.

बाबा

---

मंगळवार, १६ नोव्हेंबर

नलू,

दिवाळीला तू आली नाहीस. आईने अनारसे केले आणि डबा भरून ठेवला. त्याला कुणी हात लावलेला नाही.

काल समितीचं उत्तर आलं. चार ओळी. मी त्या चाळीस वेळा वाचल्या असतील. ‘आपले पत्र मिळाले. सदर खेळाडूने गुडघ्याच्या दुखापतीमुळे दिनांक १६ ऑक्टोबरच्या पत्रान्वये आपले नाव मागे घेतले असून तिच्या जागी कु. ललिता हिची निवड यापूर्वीच करण्यात आली आहे. तरी आपल्या पत्रावर काही कार्यवाहीची आवश्यकता नाही.’

सोळा ऑक्टोबर. माझी कबुली मी तुला बावीसला लिहिली. समितीला तीसला. म्हणजे बैल गेला आणि झोपा केला!

तू नाव मागे घेतलंस तेव्हा तुला वाटत होतं की बापाने जाणूनबुजून दिलं. तरी घेतलं नाहीस. आणि माझं नाव कुठे येऊ नये म्हणून गुडघा पुढे केलास. पत्रात तू लिहिलं होतंस, मनिला झालं काय आणि न झालं काय. मी मूर्ख, मला वाटलं पोरगी आनंदात आहे म्हणून लिहिते. ते पत्र लिहिलंस तेव्हा तू जागा सोडून मोकळी झाली होतीस. वजाबाकी यावेळीही तूच केलीस, मला विचारलंसुद्धा नाहीस.

आणि त्यानंतर तुझ्या हातात काय पडलं? माझं बावीसचं पत्र: मी तुला काहीही दिलेलं नाही.

मी ते पत्र लिहिलं नसतं तर काय बिघडलं असतं? ललिता गेलीच असती. कुणाचं काही गेलं नसतं. तुझ्याजवळ एक गोष्ट होती, तू ती जपून ठेवणार होतीस, आणि मी खरेपणाच्या ताठ्यात ती काढून घेतली.

आईला काल सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “तुमाले खरं बोलाची लय हौस. पन सगळं खरं तुमी अजून बोलले नाही.” मी विचारलं, म्हणजे काय? ती म्हणाली, “मले का विचारता? मी मैदानात होती का?” आणि उठून गेली.

कालपासून हेच डोक्यात आहे. आज जास्त लिहवत नाही.

बाबा

---

गुरुवार, ९ डिसेंबर

नलू,

ललिता मनिलाहून आली. परवा वडिलांबरोबर पेढे घेऊन घरी आली होती. दहावी आली. पहिली उडी फाऊल, दुसरी बारा एकोणीस, तिसरी बारा सत्तेचाळीस, आणि पहिल्या आठांत नसल्यामुळे पुढच्या तीन उड्या मिळाल्याच नाहीत. “अंकल, वहाँ इतना शोर था की माझा स्टेपच चुकला,” ती सांगत होती. मराठी मध्येच सुटते तिची. धावपट्टी निळी होती म्हणे, आणि चिनी मुली उडण्याआधी कुणाकडे पाहत नाहीत. एक गोष्ट तिने मला मुद्दाम सांगितली. तिथे टेप नसतो. वाळूत काच लावलेली काठी खुपसतात आणि लांबून यंत्र आकडा सांगतं. धरणारा नाही, ओरडणारा नाही. मी म्हटलं, असं यंत्र इथे असतं तर आमच्यासारख्यांची सुटका झाली असती. पंजाबराव हसले. त्यांना अजून काही माहीत नव्हतं. मग मी त्यांनाही सांगितलं, सगळं, ललितासमोर. ते बराच वेळ पेढ्यांच्या खोक्याचा दोरा बोटाला गुंडाळत बसले. जाताना रामराम केला, पण पुन्हा या असं म्हणाले नाहीत. बरोबर आहे त्यांचं.

ललिताने मात्र पिशवीतून तुझं पत्र काढून दाखवलं. जाण्याआधी तू तिला लिहिलं होतंस: पहिली उडी जपून घे, फळीच्या वीतभर मागून निघालीस तरी चालेल. गुडघ्याचा त्यात एक शब्दही नाही. तिने ते विमानात जवळ ठेवलं होतं. तरी पहिली उडी फाऊल केलीच, असं म्हणाली आणि जीभ चावली.

आता आई म्हणाली ते. पंजाबरावांना जे सांगितलं ते तुला बावीस तारखेला लिहिलं होतं त्याहून वेगळं आहे. म्हणून आधी त्यांना सांगितलं. तुला लिहायला मला दोन महिने लागले.

मंगळवारची गोष्ट खोटी आहे. चिंधू त्या मंगळवारी रजेवर होता. त्याची बायको आजारी होती, विचारून घे.

दहावर टेप मी सवयीने धरला, हे खरं आहे. ओरडायचं राहिलं, तेही सवयीने. इथपर्यंत चूकच होती. शेषराव सरांनी फळीवरून “बारा सहासष्ट” म्हटलं, आणि मला तिथेच, त्याच क्षणी आठवलं. मी मान वर केली. तोंड उघडलं. ‘दहा’ हा शब्द जिभेवर आला होता, नलू. एवढा छोटा शब्द, श्वासही लागत नाही. तेवढ्यात तू वाळूतून आलीस आणि वाकलीस. तुझ्या केसांत वाळू होती. चार वर्षांनी तुझं डोकं माझ्या एवढं जवळ होतं. मी तोंड मिटलं. मग सरांनी कागद पुढे केला आणि मी सही केली, व्यवस्थित, तारीख घालून.

तू समजलीस, मी आधी दिलं आणि मग तू पाया पडलीस. तसं नाही. तू पाया पडलीस, मग मी दिलं.

ते द्यायला नको होतं. ते ललिताचं होतं, माझं नव्हतंच. तू परत केलंस ते शंभर हिश्श्यांनी बरं केलंस, माझ्यापेक्षा तू सरळ निघालीस. त्या सहीची लाज मला जन्मभर राहील, आणि समितीलाही मी आज हे खरं कळवलं आहे. पण बावीस तारखेला मी लिहिलं की मी तुला काहीही दिलेलं नाही, ते पत्र फाडून टाक. माझं नाव चांगलं राहावं म्हणून मी ते लिहिलं होतं. दिलं होतं, बेटा. त्या दिवशी मी पंच नव्हतो.

खड्ड्यात नवी वाळू टाकली आहे, शिवनाथ नदीची, तीन पोती. स्लीपरला पांढरा रंग दिला. टेप खुंटीवर आहे. तुझा गुडघा बरा असेल, तर ये.

तुझा बाप,
तेजराम